तक्त्यातली शेवटची ओळ

अल-खोबर, सौदी अरेबिया,
फेब्रुवारी २००४

प्रिय रमेश,

फोनवर तू माझं ऐकूनच घेतलं नाहीस. ‘ताई, यंदा संघ उतरवत नाही, विषय संपला,’ म्हणालास आणि रिसीव्हर अर्चनाच्या हातात दिलास. ती बिचारी नवऱ्याची बाजूही घेईना आणि नणंदेचीही, नुसती भाज्यांच्या भावाबद्दल बोलत राहिली. म्हणून हे पत्र. तुझ्या दाजींच्या, गिरीशच्या ऑफिसातले एक गृहस्थ रजेवर कोल्हापूरला निघालेत, त्यांच्या हाती देतेय. सोबत खजूर आहे. तो तोंडात टाक आणि मग वाचायला घे, म्हणजे निदान दोन पानं तरी तुला ‘पण ताई’ म्हणता येणार नाही.

तुझी कारणं मला पाठ झाली आहेत. सूतगिरणीच बंद पडली, तर सूतगिरणी वसाहतीचा खो-खो संघ कुठल्या नावावर खेळवायचा? निम्मी बिऱ्हाडं वसाहत सोडून गेली, पोरी गेल्या, आठच उरल्या, आणि नऊजणी असल्याशिवाय संघ उभाच राहत नाही. मागच्या साली पहिल्याच फेरीत डावानं हरलो, यंदा लोक हसतील. यातलं एकही कारण खोटं नाही. पण अर्चनानं तुझ्यामागे मला एक सांगितलं, तिला रागावू नकोस. रिंग फ्रेम खात्यातल्या शेख यांची मुन्नी तुझ्या दारात आली होती म्हणे. ‘सर, हरलो तर हरलो, पर न्या की,’ म्हणाली, आणि तू आतूनच ‘सर घरात नाहीत’ असं ओरडलास. स्वतःच्याच आवाजात. मुन्नी तोंडावर ओढणी धरून हसत गेली आणि मग कोपऱ्यावर जाऊन रडली. तुझ्या दारात यायला त्या पोरीनं किती बळ गोळा केलं असेल, याचा विचार मी इथं पट्ट्या गुंडाळताना करत असते.

आता तुला आमच्या हॉस्पिटलातल्या एका बाईबद्दल सांगते. तिचं नाव उटे. जर्मन आहे, डायलिसिस विभागात नर्स. माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान, ताडासारखी उंच, आणि चालताना डावा पाय किंचित बाहेर फेकायची. इतकी वर्षं मी तिला कॉरिडॉरमध्ये बघत आले आणि मनात म्हणत आले, बाई, हा गुडघा कधीतरी माझ्याच टेबलावर येणार. नोव्हेंबरात आला. ऑपरेशन झालं आणि गुडघा वाकवून घेण्याचं काम माझ्याकडे लागलं. तुला ठाऊक नसेल, पण आमच्या फिजिओथेरपीच्या धंद्यात हात जितका चालतो तितकंच तोंड चालवावं लागतं. आखडलेला सांधा वाकवताना माणूस श्वास रोखतो, अंग आवळतो, आणि मग काही म्हणता काही होत नाही. त्याला बोलतं ठेवायचं. बोलणारा माणूस श्वास रोखू शकत नाही. अरबी आज्यांना मी नातवंडांची नावं विचारते. उटेला विचारलं, ‘हा गुडघा बिघडला कधी?’ ती म्हणाली, ‘देश एक झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी.’ मला वाटलं, मोर्चाबिर्चात पडली असेल. म्हणाली, ‘छे, फुटबॉलमध्ये. बायकांच्या संघात, खालच्या गटात. इतक्या खालच्या की त्याच्याखाली नुसतं गवत.’

उटे पूर्व जर्मनीतली, पोलंडच्या सीमेजवळच्या एका गिरणीच्या गावातली. आणि ऐक, ती तिथं रिंग फ्रेमवर होती. मी म्हटलं, माझा भाऊही रिंग फ्रेमवर. तिला खरं वाटेना. मग तिनं टेबलावर पडल्या पडल्या हवेत अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरवलं, तुटलेला धागा सांधतात ना, तसं. मी लहानपणी डबा घेऊन गिरणीत यायचे तेव्हा रिंग फ्रेमवर बघितलेली तीच चिमूट. मीही फिरवून दाखवली. आम्हा दोघींचं इंग्रजी सारखंच कामचलाऊ, पण त्या दिवसापासून आम्हाला भाषेची फारशी अडचण आली नाही. पडद्यापलीकडे आमची मदतनीस खैरुन्निसा टॉवेल घड्या करत असते, औरंगाबादची आहे. ती म्हणाली, ‘मैडम, तुम दोनो हवा में क्या नमक डाल रे?’

तर त्यांच्या गावातही गिरणी हेच सगळं होतं. संघाला गिरणीचं नाव, गिरणीचं मैदान, गिरणीची बस, जर्सी धुवायलासुद्धा गिरणीचा धोबीखाना. मग देश एक झाला, पश्चिमेकडचे साहेब येऊन यंत्रं बघून गेले, आणि वर्षाच्या आत फाटकाला कुलूप. हजारभर बायका एका दिवशी घरी बसल्या. उटे म्हणाली, पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी घरं साफ केली. दुसऱ्या आठवड्यात परत साफ केली. तिसऱ्या आठवड्यात कोणी पडदेच उघडले नाहीत. ही गोष्ट ती हसत सांगत होती, पण माझा हात तिच्या पोटरीवर होता आणि पोटरी दगडासारखी झाली होती. मला तुझ्या खिडक्या आठवल्या. अर्चना म्हणते तू हल्ली रस्त्याकडची खिडकी लावूनच ठेवतोस, धूळ येते म्हणून. गिरणी चालू असताना कापसाची तूस यायची तेव्हा उघडी ठेवायचास की रे.

त्या वर्षी त्यांच्यापुढेही तुझाच प्रश्न होता. गिरणी गेली, तर तिच्या नावाचा संघ कशाला? त्यांनी नाव बदललं, नुसतं गावाचं ठेवलं, आणि शरद ऋतूत साखळीत उतरल्या. बस नव्हती, म्हणून एकीच्या मामाची पाव पोचवायची गाडी घेतली. गाडी उटे चालवायची, बाकीच्या मागे पावाच्या फळ्यांमध्ये आडव्या. सामन्याला उतरायच्या तेव्हा केसांत, कानांत पीठ. समोरचा संघ म्हणायचा, ‘आल्या बघा, भाजायच्या राहिलेल्या.’ रमेश, ही बाई बर्फावरून मागे डझनभर बायका घालून गाडी हाकायची, आणि इथं, बायकांनी गाडी चालवायची नाही म्हणून, तिला साधं दुकानात जायचं तरी हॉस्पिटलच्या व्हॅनची वाट बघत मागच्या सीटवर बसावं लागतं. ड्रायव्हर ‘यल्ला, मॅडम,’ चला लवकर, म्हणून घाई करतो आणि ती गिअर बदलताना त्याच्या हाताकडे बघत असते. एकदा मला हळूच म्हणाली, ‘क्लच जाळतोय मेला.’

पण संघ टिकेना. दर महिन्याला कोणीतरी कामासाठी पश्चिमेला जायची. एका आठवड्यात तर एकदम पाचजणी गेल्या. आणि त्यांच्या साखळीत एक नियम होता. फुटबॉलला अकरा लागतात, पण सातजणींवरही खेळता येतं. सातापेक्षा कमी झाल्या की सामना नाही. तीन वेळा असा सामना चुकवला की संघाचं नाव तक्त्यातून जातं. नुसतं नाव नाही, त्यांनी त्या मोसमात खेळलेला प्रत्येक सामना पुसतात. जणू तो संघ कधी मैदानावर आलाच नव्हता. हरणं तक्त्यात राहतं. न येणं मात्र आधीचं सगळं घेऊन जातं. मी तिचा गुडघा धरून तशीच उभी राहिले. तीच म्हणाली, ‘पदमिनी, वाकव ना, थांबलीस का?’ माझ्या नावाचे तिनं असे तुकडे केलेत.

त्यांचे दोन सामने चुकले. एक त्या पाचजणी गेल्या तेव्हा, दुसरा मार्चात, बर्फात गाडी रुतली म्हणून. आता तिसरा चुकला की संपलं. आणि एप्रिल उजाडला तेव्हा त्या उरल्या होत्या सहा. गिरणीच्या मैदानाला कुलूप होतं, म्हणून त्या फाटकाबाहेर, जिथं पूर्वी कामगारांच्या सायकली लागायच्या त्या रिकाम्या जागेत सराव करायच्या. सहाजणी. तिथं रोज एक बाई त्यांना बघत उभी राहायची. गेर्डा तिचं नाव, गिरणीच्या कँटीनमधली स्वयंपाकीण, वय सेहेचाळीस, आडवी बांधणी. जन्मात चेंडूला पाय लावलेला नव्हता. एक दिवस ती म्हणाली, ‘गोलात उभं राहायला पळावं लागतं का?’ नाही म्हटल्यावर म्हणाली, ‘मग मी येते. तीस वर्षं उकळतं पातेलं हातातून पडू दिलं नाही, चेंडू काय घेऊन बसलात.’ पहिल्या सामन्याला ती भट्टीतून ट्रे काढायचे जाड हातमोजे घालूनच आली. चौदा गोल खाल्ले. प्रत्येक गोलानंतर समोरच्या पोरीला बोट दाखवून दम द्यायची, ‘तुझा चेहरा लक्षात ठेवलाय, तुला सूप मिळणार नाही.’ आणि सामना संपल्यावर पावाच्या गाडीतून पातेलं काढून दोन्ही संघांना वाढायची, त्या पोरीला सगळ्यात जास्त.

हे ऐकून खैरुन्निसा टॉवेल टाकून पडदा बाजूला सारून आलीच. ‘इत्ता हारे, तो खेलते कायको थे?’ मी ते उटेला इंग्रजीत सांगितलं. उटे म्हणाली, ‘हरायला मी कधीच गेले नाही. दर रविवारी जिंकायलाच गेले. फक्त हरले.’

एकदा जिंकल्याही होत्या, हे सांगायचं राहिलं. सप्टेंबरात, अजून माणसं होती तेव्हा, शेजारच्या गावच्या गिरणीच्या संघावर, दोन विरुद्ध एक. दुसरा गोल उटेचा. तेवढाच एक विजय, आणि सगळ्या हिवाळ्यात तो त्यांना पुरला. मग मे महिन्यात त्या शेजारच्या संघाचा तिसरा सामना चुकला. त्यांचं नाव गेलं, त्यांचे सगळे सामने पुसले, आणि त्याबरोबर यांचा विजयही. खैरुन्निसा इतकी चिडली, ‘जीते सो भी मिटा दिए? अल्ला, ये कैसा इन्साफ?’ पण मला त्यातलं दुसरंच काहीतरी टोचलं. हरणारा संघ आला नाही तर जिंकणाऱ्याचं जिंकणंही राहत नाही. आपण वाटेल त्या संघाकडून डावानं हरलो, तरी आपण आलो होतो म्हणून त्यांचा तो डाव आहे. मुन्नी आणि तिच्या मैत्रिणी कोणाच्या तरी विजयाच्या जामीन आहेत, हे कधी तुझ्या मनात आलं होतं का? माझ्या नव्हतं आलं.

गेर्डानं मग त्या पुसल्या गेलेल्या संघाला निरोप धाडला, या, परत खेळू. आल्या बिचाऱ्या, जेवढ्या उरल्या होत्या तेवढ्या. कुलूप लावलेल्या फाटकासमोर, पंच नाही, रेषा नाहीत, गोलाला दोन-दोन कोट ठेवलेले. आणि त्या खेपेला उटेचा संघ हरला! हे सांगताना उटे इतकी हसली की मी त्या हसण्याच्या आडून गुडघा चांगला इंचभर जास्त वाकवून घेतला.

शेवटचा सामना जूनमध्ये. बरोबर सातजणी. मध्यंतरानंतर लगेच उटेचा गुडघा गेला, तिला कळ आली तीच फाटल्याची. ती बाहेर गेली असती तर सहा उरल्या असत्या, पंचानं सामना थांबवला असता, आणि तो तिसरा चुकलेला सामना धरला गेला असता. म्हणून ती एका पायावर मैदानाच्या कडेला उभी राहिली. सामना संपेपर्यंत. चेंडू जवळ आला तर गेर्डा गोलातून ओरडायची, ‘उटे, हलू नकोस, तू खांब आहेस!’ हरल्या. तक्त्यात सगळ्यात खाली, गुण शून्य, पण नाव आहे, केलेले गोल आहेत, खाल्लेले गोल आहेत. आणि पुढे कधीतरी तिला कळलं की तसा नियमच नव्हता. खेळता खेळता कोणी जखमी होऊन सामना थांबला, तर तो चुकलेला धरत नाहीत. त्यांच्यातल्या कोणी नियम नीट वाचलेच नव्हते. माझ्यातली फिजिओथेरपिस्ट एकदम भडकली. मी म्हटलं, अगं मूर्ख बाई, तेव्हाच बाहेर बसली असतीस तर आज या टेबलावर आली नसतीस. वाईट नाही वाटत तुला? म्हणाली, ‘वाटतं तर. हवा दमट झाली की रोज वाटतं.’ आणि वर, ‘पुन्हा वेळ आली तर आधी नियम वाचेन. मग उभी राहीन.’

तू म्हणशील, ताई, हे सगळं परदेशातलं ठीक आहे. त्यांच्या देशात चालतं. तर इथलं ऐक. मागच्या गुरुवारी उटेला पहिल्यांदा काठीशिवाय चालवायचं होतं, म्हणून आम्ही कॉर्निशवर, इथल्या समुद्रकाठच्या रस्त्यावर, गेलो. ती, मी, अवंती, तिघी काळ्या पायघोळ अबायात, गिरीश मागे शेंगदाणे खात. समुद्राकडच्या हिरवळीवर एक सौदी कुटुंब सतरंजी घालून बसलं होतं, त्यांच्या लहानग्या मुलीचा चेंडू घरंगळत आमच्यापुढे आला. उटेचा पाय आपोआप उचलला गेला. मी तिला दंडाला धरून मागे ओढलं, अजून तीन महिने लाथ मारायची नाही असं मीच तिला बजावलंय. चेंडू तसाच पडलेला. दोन पुरुष चालता चालता थांबले, त्यातल्या एकानं घसा खाकरला. अवंती माझ्या कानाशी, ‘आई, प्लीज, एव्हरीवन इज लुकिंग.’ मी म्हटलं, बघू दे. अबाया घोट्यापर्यंत उचलला आणि चेंडू मारला. गेला मेला भलतीकडेच, पार बाकाखाली. पण ती मुलगी धावत सुटली आणि सतरंजीवरच्या तिच्या आजीनं टाळी वाजवली. घसा खाकरणारे गृहस्थ पुढे निघून गेले. उटे म्हणाली, ‘भयंकर मारलास. संघात घेतलं असतं तुला.’ गिरीश घरी आल्यावर म्हणाला, ‘तुझ्या चपलेचा पट्टा तुटलाय.’ त्याच्या भाषेत ती शाबासकी असते, हे तुला माहीत आहे.

त्या रात्रीपासून मला भाऊसाहेब दिसतायत. गिरणीचे टाइमकीपर, सगळ्या वसाहतीचे भाऊसाहेब. आपण पोटची पोरं असून त्यांना बाबा म्हणायला कधी मिळालंच नाही. बाहत्तरच्या दुष्काळात त्यांनी हा संघ काढला तेव्हा लोकांनी विचारलं होतं, टाइमकीपर, खायला नाही आणि पोरींना पळवता कशाला? ते काय म्हणाले होते, ते तुला आठवत नसणार, तू माझ्या कडेवर होतास. म्हणाले, ‘भूक लागलीच आहे, तर निदान पळून तरी लागू दे.’ पहिल्या वर्षी आम्ही सगळे सामने हरलो होतो रे. मी त्या संघात होते. आणि तरी मैदान आखताना ते दोरी लावून, डोळा मिटून, असे चौकोन काढायचे की जसं काही आम्ही अजिंक्यपदालाच निघालोय.

तर आता मुद्द्याचं. खजूर संपला असेल, तरी बोलू नकोस. परवा अर्चनानं जिल्हा संघटनेच्या कचेरीत जाऊन वसाहतीच्या संघाची नोंदणी करून दिली. मीच तिला सांगितलं, आणि तू हे वाचेपर्यंत गप्प राहायचं असंही मीच सांगितलं. आठ नावं पोरींची, पहिलं मुन्नीचं. नववं नाव माझं. वयाची वरची अट नाही; आम्ही नियम आधी वाचला आहे. रजा मंजूर झाली, परत येण्याचा व्हिसा शिक्का मारून हातात आला, गिरीशनं तिकीट काढलं. पाटीवरच्या चौकोनात बसता-उठता मला येतं, दिवसभर दुसऱ्यांना तेच तर शिकवते. पळतीला मला शेवटच्या तुकडीत घाल. लवकर बाद होईन. होऊ दे. गुडघ्याच्या पट्ट्या मी इथून आणतेय, नऊजणींना पुरतील एवढ्या, उटेनं स्वतः निवडून दिल्यात. मुन्नीला बोलव, या वेळी दार उघडून. आणि गिरणीच्या मैदानाला कुलूप आहे हे मला ठाऊक आहे, ते सांगत बसू नकोस. फाटकाबाहेर जागा आहे. चुना भिजव, भाऊसाहेबांची दोरी माळ्यावर असेल ती काढ, आणि मी यायच्या आत मैदान आखून ठेव. तिसरा चौकोन नीट बघून काढ, मागच्या वेळी तो वाकडा होता.

तुझीच, आणि तुझ्या संघातली,
ताई